त्रेसष्ट अंश आणि पाच शनिवार

मी पोटापाण्यासाठी गाड्यांमधल्या तापमान-नियंत्रणाचं काम करते. इंजिनाचं पाणी किती गरम व्हावं, पंखा कधी लागावा, कधी बंद व्हावा, हे ठरवणाऱ्या प्रणाल्यांशी माझी रोजची झटापट. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या एका पातेल्यानं मला फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२२ असं आठ महिने नाचवलं, हे ऑफिसात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते. कुणी याच वाटेनं निघालं असेल तर निदान माझे दोन-तीन खड्डे चुकवता येतील.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. इथे घरी बिअर करणं हा बऱ्याच जणांचा छंद आहे आणि तो कायदेशीर आहे. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिथे हे वाचा, करू नका.

इथेही अगदी मोकळं रान नव्हतं. बिअरवर कर असल्यामुळे हा विषय सीमाशुल्क खात्याकडे, म्हणजे 'हाउप्टत्सोलआम्ट'कडे येतो. २०२२ च्या सुरुवातीला नियम असा होता: घरगुती वापरासाठी, विक्री न करता, एका कॅलेंडर वर्षात २०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त. मात्र पहिल्यांदा करण्याआधी कळवायचं. मी १० जानेवारीला एक साधं पत्र पाठवलं. नाव, पत्ता, बिअर कुठे करणार (स्वयंपाकघर, दुसरा मजला), कधीपासून आणि वर्षाला अंदाजे किती लिटर. फी शून्य. अकरा दिवसांनी एका पानाचं उत्तर आलं, की नोंद घेतली आहे. इतकंच. जर्मन कागदपत्रांचा इतका सुखद अनुभव मला आधी आला नव्हता आणि नंतरही नाही. नियम बदलत असतात, म्हणून सुरू करणाऱ्यानं खात्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं काय ते बघून घ्यावं. मी तेव्हापासून फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, त्यावर प्रत्येक खेपेची तारीख आणि लिटर लिहिते.

सामान गोळा करायला दोन आठवडे गेले. मुख्य वस्तू म्हणजे 'आइनकोखआउटोमाट'. फळं-भाज्या बरण्यांत भरून उकळवण्यासाठी इथल्या आज्या वापरतात ते २९ लिटरचं इनॅमलचं विजेचं पातेलं. बुडाखाली १८०० वॉटची कॉइल, खाली तोटी, बाजूला ३० ते १०० अंशांचं बटण. किंमत ८९ युरो. तीस-तीस लिटरच्या दोन बादल्या २४ युरो, गाळायची जाळी १९, घनता मोजायची काचेची तरंगकांडी ९, आयोडिनची बाटली ५ आणि एक डिजिटल थर्मामीटर ७ युरो. त्या सात युरोंची गोष्ट पुढे येतेच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बार्लीला मोड आणून ती वाळवतात, थोडी भाजतात. झाला माल्ट. आपण नाचणीला मोड आणून वाळवून सत्व करतो, तीच जात. हा माल्ट भरडून कोमटाहून बराच गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. या घट्टसर कांजीला मॅश म्हणतात, इथले लोक 'माइशे' म्हणतात. पुढे ती गाळून, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळून, गार करून यीस्ट घालायचं.

सगळा खेळ त्या तासाभरात आहे. दोन एन्झाइम्स महत्त्वाची. बीटा अमायलेज ६० ते ६५ अंशांना जोमात असतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर बनवतं, पण ७० च्या आसपास ते भराभर मरतं. अल्फा अमायलेजला ७० ते ७५ मानवतं. ते पिठाच्या लांब साखळ्या कशाही तोडतं आणि त्यातले बरेच तुकडे यीस्टला खाताच येत नाहीत, ते बिअरमध्ये तसेच राहतात. म्हणजे ६३ ला जास्त वेळ थांबलात तर बिअर कोरडी, हलकी. ७० ला थांबलात तर गोडसर, जड. चार-पाच अंशांत चव बदलते. वाचताना मला वाटलं, चार-पाच अंश? हे तर आपलं रोजचं काम.

पहिला शनिवार, ५ फेब्रुवारी. चार किलो पिल्सनर माल्ट, एक किलो म्युनिक माल्ट, पंधरा लिटर पाणी. एकाच तापमानावर, ६६ ला, तासभर ठेवायचं ठरवलं. गार माल्ट पडल्यावर पाणी किती उतरेल याचं एक सोपं सूत्र आहे. किलोमागे किती लिटर पाणी ते काढा, ०.४१ ला त्यानं भागा, येईल त्याला माल्ट आणि हव्या असलेल्या तापमानातल्या फरकानं गुणा आणि तेवढे अंश वर चढवा. माझा माल्ट १८ अंशांवर होता, किलोमागे तीन लिटर पाणी, म्हणजे साडेसहा अंश जास्त. पाणी ७२.६ ला नेलं, माल्ट ओतला, ढवळलं, थर्मामीटर बुडवला, ६६! इतका आनंद झाला की नवऱ्याला बाहेरच्या खोलीतून बोलावून आकडा दाखवला.

तासाभरानं आयोडिनची चाचणी. पांढऱ्या बशीत मॅशचा एक थेंब, त्यावर आयोडिनचा एक थेंब. पीठ शिल्लक असेल तर निळं-काळं होतं, नसेल तर आयोडिनचा पिवळट तपकिरी रंग तसाच राहतो. माझा राहिला. पास.

बिअर मात्र झाली गोड. सुरुवातीची घनता १२.१ अंश प्लेटो (विरघळलेल्या साखरेचं माप) होती, ती यीस्टनं अडीच-तीनपर्यंत उतरवायला हवी होती. ४.२ ला येऊन थांबली. मी आठवडाभर वाट बघितली, बादली हलवली, ती रात्री गार पडते म्हणून ब्लँकेटमध्ये गुंडाळली. ढिम्म. यीस्टला शिव्या घातल्या. बिचाऱ्याला खाण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

शंका थर्मामीटरवर यायला तीन आठवडे लागले, याची मला खरी लाज वाटते. कुठलाही सेन्सर आधी तपासून घ्यायचा, हे मी नव्या मुलांना शिकवते. बर्फ कुटून थोड्या पाण्यात घातला, थर्मामीटरनं ०.५ दाखवले. छान. मग उकळतं पाणी. आमचं घर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, इथे पाणी ९८.७ च्या आसपास उकळतं (पुण्यात, ५६० मीटरवर, ९८ च्या जरासं वर). थर्मामीटर म्हणाला ९३.५. म्हणजे शून्याला बरोबर आणि तापमान चढेल तशी चूक वाढत जाणारी. हिशोब मांडला, तर माझे ६६ प्रत्यक्षात साडेएकोणसत्तर होते. नुसत्या बर्फावर तपासून समाधान मानू नका, उकळत्या पाण्यातही बघा. आणि आयोडिन पीठ संपलं एवढंच सांगतं. त्याची कुठली साखर झाली हे ते सांगत नाही. माझा 'पास' तेवढ्यापुरताच खरा होता.

चांगला, तपासणीचा दाखला असलेला थर्मामीटर ३४ युरोंना आला.

दुसरा शनिवार, १२ मार्च. आता मोजमाप विश्वासाचं, तेव्हा पातेल्याच्या बटणाची परीक्षा झाली. बटण ६५ वर ठेवलं, तर नुसतं पाणी एकाहत्तरपर्यंत चढलं, मग कॉइल बंद झाली ती साठला येईपर्यंत लागलीच नाही. त्यात दोष कुणाचा नाही. आत दोन धातूंची पट्टी असते, ती पातेल्याच्या बुडाला बाहेरून चिकटलेली. जामच्या बरण्यांना पाच-दहा अंश इकडे-तिकडे चालतात.

म्हणून त्या दिवशी मी कॉइलला हातच न लावायचं ठरवलं. पातेल्याला ट्रेकिंगची चटई गुंडाळली (८ युरो, आणि हा सगळ्यात फायद्याचा खर्च), ६३ ला मॅश लावली आणि पुढच्या पायरीला, ७२ ला, उकळतं पाणी ओतून जायचं. हिशोबानं साडेपाच लिटर लागणार होतं. विजेच्या किटलीत पावणेदोन लिटर मावतं. पहिली किटली ओतली, दुसरी लावली आणि मॅश फार गार होऊ नये म्हणून घाबरून पातेल्याचं बटणही फिरवलं. डिशवॉशर चालू होता हे माझ्या गावीही नव्हतं. किटली २२०० वॉट, पातेलं १८००, डिशवॉशर त्याचं पाणी तापवायला साधारण दोन हजार. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरातले सगळे प्लग एकाच १६ अँपिअरच्या फ्यूजवर, म्हणजे जेमतेम ३७०० वॉट. मिनिटभरात खट्ट. फ्रिजसकट सगळं गप्प.

फ्यूज वर करायला दहा सेकंद लागली, पण कुठली वस्तू कुठल्या प्लगवर आहे हे शोधत, किटलीचं पाणी पुन्हा उकळेपर्यंत पाऊण तास गेला आणि मॅश ६० च्या खाली. बिअर झाली पाण्यासारखी कोरडी. ११.४ वरून थेट १.८. आमच्या एका मित्राला ती आवडली, पण त्याला सगळंच आवडतं. बिअरच्या दिवशी स्वयंपाकघरात दुसरं काहीही चालू ठेवू नका.

मग मी माझ्या हुकमी प्रांतात शिरले. बाजारात प्लगमध्ये लावायचा तापमान-नियंत्रक मिळतो. मत्स्यालयवाले, दही-इडलीवाले, सगळेच वापरतात. लांब वायरच्या टोकाला सेन्सर, हवं ते तापमान भरायचं, तो पातेल्याची वीज चालू-बंद करतो. ३८ युरो. पातेल्याचं स्वतःचं बटण मग शंभरावरच ठेवून द्यायचं.

१५ एप्रिलला गुड फ्रायडेची सुट्टी होती. पंधरा लिटर नुसतं पाणी घालून तालीम घेतली. ६३ भरलं, तर पाणी ६५ ला पोचलं, कारण वीज बंद झाल्यावरही कॉइल आणि जाड बूड आपली साठलेली उष्णता सोडत राहतात. मी वीज अडीच अंश आधीच तोडायची असं ठरवलं, मग उरलेलं अंतर छोट्या-छोट्या झटक्यांत. दुपारपर्यंत पाणी ६३ वर खिळ्यासारखं ठोकलं, तीन दशांश इकडे ना तिकडे. एक्सेलमध्ये आलेखही काढला. तो आलेख आता बघवत नाही.

तिसरा शनिवार २३ एप्रिलला आला. १५१६ साली याच तारखेला इंगोलश्टाटमध्ये बव्हेरियाच्या ड्यूकनं बिअर फक्त बार्ली, हॉप्स आणि पाण्याची करायची असा हुकूम काढला, म्हणून इथे हा बिअरचा दिवस मानतात. म्हटलं, मुहूर्त चांगला आहे.

पडद्यावर ६३.० आला, तिथेच राहिला. मी दर दहा मिनिटांनी एकदा ढवळत होते. एकदा ढवळण्याआधी, केवळ सवयीनं, चांगला थर्मामीटर तीन ठिकाणी घातला. वर ६१. मध्ये, नियंत्रकाच्या सेन्सरशेजारी, ६३. बुडाशी ७०.

मी पाच मिनिटं नुसती उभी होते. पाण्यात हे झालं नव्हतं, कारण पाणी तापलं की स्वतःच वर येतं, गार पाणी खाली जातं, त्याचं तेच ढवळलं जातं. मॅश म्हणजे भरड घातलेलं घट्ट पिठलं. ते जागचं हलत नाही. खालचं खाली तापत राहतं आणि वरचं वर निवत राहतं. तालीम मी पाण्याची घेतली होती आणि प्रयोग पिठल्याचा होता. पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो पातेल्यातल्या एका लिंबाएवढ्या जागेचा होता. बाकीच्या अठरा लिटरना त्याचं काही देणं-घेणं नव्हतं.

ही बिअर १२.० वरून ३.६ ला थांबली. पिण्याजोगी, जराशी गोडसर. आम्ही पाहुण्यांना दिली.

मे महिन्यात सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. त्यांना बिअर हा शब्दच आवडत नाही, आणि तो स्वयंपाकघरात तर नाहीच. मी जूनपर्यंत विषय काढला नाही. मग नवऱ्यानंच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "करा काय करायचं ते. माझी भांडी घेऊ नका म्हणजे झालं."

चौथा शनिवार, १८ जून. या वेळी मी पायऱ्या लावल्या होत्या. ५७ ला माल्ट घालायचा, तिथून ६३, मग ७२. ढवळायचं अधिक वेळा, हे ठरलेलं. सेन्सर मात्र मध्येच ठेवला, आणि हीच घोडचूक. ५७ वरून ६३ ला जाताना नियंत्रकानं पूर्ण वीज सोडली, त्याच वेळी माझा फोन वाजला. सहा मिनिटं बोलले असेन, पडद्यावर नजर ठेवून. ६०.८. ६१.१. ६१.४. हळू चढतंय, पण चढतंय.

सासूबाई हॉलमध्ये वाटाणे सोलत होत्या. तिथून आवाज आला, "अगं, काहीतरी लागलंय."

"नाही हो आई, तापमान बरोबर आहे."

"तापमान असेल. वास येतोय."

त्या उठून आल्या, माझ्या हातातला लाकडी उलथना घेतला, पातेल्यात बुडापर्यंत घातला आणि सरकवला. उलथना अडकत-अडकत गेला. वर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट तपकिरी पापुद्रा होता, दुधाच्या पातेल्याला धरतो तसा, पण जाड. "लागलं बघ," त्या म्हणाल्या आणि उलथना माझ्या हातात देऊन वाटाण्यांकडे परत गेल्या.

त्याच क्षणी पातेल्याचा दिवा विझला. या पातेल्यांना कोरडं तापू नये म्हणून संरक्षण असतं. बुडाला थर धरला की उष्णता वर जात नाही, बूड भलतंच तापतं आणि पातेलं स्वतःला बंद करून घेतं. मग सगळी मॅश तांब्या-तांब्यानं बादल्यांत काढली, पातेलं गार होऊ दिलं, लाकडानं आणि खाण्याच्या सोड्यानं तासभर घासलं. इनॅमलला तारेची घासणी लावू नका, ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तिथेच आधी लागतं.

कारण शांतपणे विचार केल्यावर इतकं सरळ होतं. सेन्सर मधल्या गार भागात, तो म्हणतो 'अजून उष्णता हवी'. उष्णता मिळते बुडाला. बूड करपतं, करपलेला थर उष्णता अडवतो, मध्ये आणखीच कमी पोचते, सेन्सर आणखी मागतो. पडद्यावरचा आकडा जितका हळू चढत होता तितकी खाली आग होती, आणि मला ते शिस्तीत चाललंय असं वाटत होतं.

मॅश कशीबशी पुरी केली. गाळलेलं गोड पाणी सासूबाईंनी चमच्यानं चाखलं. "उसाच्या काकवीसारखं लागतंय, जरा जळकट. इथवर ठीक आहे, आता पुढे कशाला नासवताय?" नासवलंच. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर करपलेल्या दुधाची चव. एकोणीस लिटर मोरीत ओतले. फ्रिजवरच्या कागदावर मात्र ते लिटर लिहिलेच.

जुलै-ऑगस्ट मी बिअर केली नाही, ढवळण्याची सोय केली. इथले छंदी लोक भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर वापरतात. ती संथ फिरते, जोर भरपूर आणि १२ व्होल्टवर चालते. मला १५ युरोंना मिळाली, विजेचा अडॅप्टर २० युरो. बारा व्होल्टवर ती फार जोरात फिरत होती आणि मॅशमध्ये उगाच हवा कालवत होती, म्हणून सहावर आणली. पातेल्याच्या झाकणाला भोक पाडून मोटर वर बसवली. पातं शेजारच्या आजोबांनी करून दिलं. ते आयुष्यभर धातूकाम करून निवृत्त झालेत. मी कागदावर आकृती काढून नेली होती, त्यांनी ती उलटी ठेवली आणि म्हणाले, तुमचं पातं मधोमध फिरेल, लागतं ते बुडाला. त्यांनी स्टीलची पट्टी बुडाच्या आकारात वाकवून दिली, बुडापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर. पैसे घेतले नाहीत, पुढच्या बिअरच्या चार बाटल्या ठरल्या.

त्यांनीच सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या काळी गावात थर्मामीटरवाचून काम चालायचं. एक तृतीयांश घट्ट मॅश काढून वेगळी उकळायची आणि परत ओतायची. तिसरा हिस्सा नेहमी उकळत्याच तापमानाचा, त्यामुळे बाकीची दर वेळी ठरावीकच चढते. आकडा नसताना केलेलं हे नियंत्रण मला फार आवडलं. याच धंद्यातून आलेला जूल आठवला, ज्याच्या नावानं आपण उष्णता मोजतो. इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बिअरवाल्याचा मुलगा तो.

त्याच्या नावानं हिशोब मांडला. पंधरा लिटर पाणी आणि पाच किलो माल्ट म्हणजे उष्णतेच्या दृष्टीनं सतरा लिटर पाणी. एक अंश चढवायला सुमारे ७१ किलोजूल. १८०० वॉटची कॉइल हे चाळीस सेकंदांत करते, कडेनं गळती धरली तर मिनिटाला एक अंशाच्या आसपास. घाई करण्यासारखं काही नाही. म्हणून मी वीसेक सेकंद वीज, वीसेक सेकंद विश्रांती असं ठेवायचं ठरवलं. आणि नियम घातला: मोटर फिरत नसेल तर कॉइल लागणार नाही. दोन्ही एकाच स्विचच्या पट्टीवर घेतल्या, म्हणजे विसरायची सोयच राहिली नाही. सेन्सर खाली आणला, कडेला, पात्याच्या वाटेच्या जरा बाहेर, बुडापासून दोन बोटं वर. सगळ्यात आधी जिथे बिघडतं तिथे.

गणपती ३१ ऑगस्टला बसले. गणपतीत घरात बिअर नाही, हे सासूबाई जुलैअखेर परत गेल्या असल्या तरी आम्हाला न सांगता कळत होतं. अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला झाली.

पाचवा शनिवार, १० सप्टेंबर. सतरा लिटर पाणी, पाच किलो माल्ट. सकाळी नऊ चाळीसला ५७ वर माल्ट घातला, दहा मिनिटं. मग ६३. मोटर घरघरत होती, पातं बुडाशी वाळूवर कुणी चालावं तसा आवाज करत होतं. तीन जागी मोजलं: वर ६२.६, मध्ये ६३.०, खाली ६३.४. पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना. चाळीस मिनिटं ६३ ला, मग दहा-बारा मिनिटांत ७२, तिथे वीस मिनिटं, आयोडिन पिवळं, शेवटी ७८ ला नेऊन गाळायला घेतलं. मध्ये एकदा नवऱ्यानं 'चहा टाकू का' म्हणून किटलीकडे हात नेला, मी ओरडले.

सगळं संपायला संध्याकाळचे सहा वाजले. उकळताना तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते आणि भाड्याच्या घरात भिंतीला बुरशी आली तर घरमालक आपल्यालाच धरतो, तेव्हा खिडकी सताड उघडी ठेवा. आम्ही स्वेटर घालून उभे होतो.

घनता १२.२ वरून दोन आठवड्यांत २.६. लिटरमागे सात ग्रॅम साखर घालून झडपेच्या झाकणाच्या बाटल्यांत भरली. ८ ऑक्टोबरला पहिली उघडली. चांगली झाली होती. फार ग्रेट नाही, हॉप्स जरा कमी पडले, पण गोड नाही, पाणचट नाही, जळकी नाही. आजोबांना चारऐवजी सहा बाटल्या दिल्या. पहिल्या खरेदीचे दीडशे आणि नंतरच्या दुरुस्त्यांचे एकशे पंधरा धरून २६५ युरो गेले, माल्ट-हॉप्स-यीस्ट वेगळं, खेपेला वीस-बावीस.

गाळल्यावर उरलेला चोथा मी पूर्वी कचऱ्यात टाकत असे. मग भाजणीत मिसळून थालीपीठ करून बघितलं, टरफलं घशाला टोचतात, मिक्सरमधून बारीक करून घ्यावा लागतो. या वेळचा तीन किलो मात्र फ्रीझरमध्ये ठेवलाय. पुढची खेप गव्हाच्या बिअरची आहे. तिला लवंगेचा वास यावा म्हणून सुरुवातीला ४५ अंशांवर थांबतात, आणि इतक्या खालच्या तापमानाला माझं पातेलं कसं वागतं ते अजून बघायचंय. येत्या शनिवारी तालीम घेणार आहे, पाण्यावर नाही, त्या चोथ्यावर.